तीननळीचं माप

रोझेनताल, २ मे १९८८

चि. बेर्टल,

मावशीचा आशीर्वाद. अक्षराला हसू नकोस. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, हे तुझ्या आईनं तुला लहानपणीच सांगून ठेवलंय.

काकांची तब्येत तशी बरी आहे. झटका आला तेव्हा वाटलं होतं संपलं सगळं, पण प्रिमुस ओलिप इतक्या सहजी ऐकणारा माणूस नव्हे. उजवा हात थोडा थरथरतो. बोलणं मात्र गेलं. एक शब्द हवा असेल तर आधी भिंतीकडे बघतो, मग छताकडे, आणि मग भलताच शब्द घेऊन येतो. काल मीठ मागायचं होतं तर "कुत्रा" म्हणाला. मी मीठ दिलं. बावन्न वर्षांच्या संसारात तेवढं कळतंच.

आता कामाचं. गावच्या शिकार मंडळानं या वर्षी काकांना एक नर हरीण मानानं दिलंय, वरच्या कुरणातला म्हातारा नर. सगळ्यात जुना सभासद म्हणून. पण देताना गालातल्या गालात हसले रे सगळे! तुला माहीतच आहे, तुझे काका जन्मात फारसं काही मारू शकले नाहीत. गोळी कायम डावीकडे. खानावळीत म्हण आहे, "प्रिमुसच्या समोर खुशाल उभा राहा, डावीकडे तेवढा थांबू नकोस." आणि प्रत्येक बार काढल्यावर नाकावर मार. आमच्या लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाच्या फोटोतही त्यांच्या नाकाला पट्टी आहे.

माझं मत विचारशील तर दोष काडतुसांचा. तुझ्या आजोबांनी, म्हणजे माझ्या बाबांनी, ही तीननळी आमच्या लग्नात काकांना दिली. वर छऱ्यांच्या दोन नळ्या, खाली गोळीची एक. बाबांच्या हातची बंदूक, ती खोटं कशी बोलेल? पण खरी काडतुसं मिळाली ती पहिली दोन-तीन वर्षं, तेव्हा काका नवशिके. मग लढाई, मग इंग्रज शिपाई घरोघर बंदुका गोळा करत आले तेव्हा आम्ही ती मधमाश्यांच्या पेटीखाली पुरली. तेव्हापासून कुणाकडून दोन उसनी, कुणाकडून एक, असंच चाललंय. आता गोळीची दोनच उरलीत, तीही हिरवी पडलेली.

तू असल्या जुन्या बंदुका जमवतोस. काडतुसं शोधून दे. त्यांचा नेम एकदा लागू दे बेर्टल. एकदाच. त्या खानावळीतल्या लोकांची तोंडं मला बंद झालेली बघायची आहेत.

तुझी,
बुर्गी मावशी


लिंझ, ११ मे १९८८

ती. मावशीस सा. न.

तुझं पत्र दवाखान्यात आलं. खुर्चीत एक बाई तोंड उघडून बसल्या होत्या, त्यांना तसंच बसवून मी वाचून काढलं.

आधी महत्त्वाचं: ती हिरवी काडतुसं उडवू नका. मंडळातल्या कुणी प्रेमानं नवी आणून दिली तर तीही नकोत. आजोबांच्या काळात या जातीची गोळी जराशी बारीक होती, पुढे ती जाड केली. काडतूस बाहेरून सारखंच दिसतं, नळीत सारखंच बसतं, आणि बार काढला की जाड गोळी बारीक नळीत अडकते. मग बंदूक गालाजवळ फुटते आणि माझ्या धंद्याला काम मिळतं. वरच्या दोन नळ्यांचंही तेच, काडतूस बसायची जुनी घरं आखूड असतात आणि आताची लांब काडतुसं त्यात बिनतक्रार जातात. गुपचूप बसणारी वस्तूच दगा देते.

नळीखाली आकडा छापलेला असेल, तो कळव. नसेल तर नळीच्या घराचा ठसा घ्यावा लागेल. मी माझ्याकडचा दातांच्या ठशांचा गुलाबी लगदा पाठवतो. सोपं आहे, कणकेसारखा मळायचा.

माझ्याकडे आता अकरा जोडबंदुका झाल्या. एक तर चारनळी आहे, उचलली की कंबर धरते. एकीतूनही मी बार काढलेला नाही. तुझी सून हिल्डे म्हणते, भिंतीला शिंगं फुटलीत. पण मावशी, आजोबांच्या हातची मात्र एकही माझ्याकडे नाही. लढाईत सगळ्या गेल्या, उरली ती एकच, तुमच्याकडची. घाई नाही. काकांना शंभर वर्षं आयुष्य लाभो. पण पुढेमागे तिचं काय करायचं हा विचार मनात आलाच, तर माझ्या बैठकीत मधोमध एक खिळा मोकळा ठेवलाय.

तुझा,
बेर्टल


रोझेनताल, २९ मे १९८८

चि. बेर्टल,

तुझा गुलाबी लगदा मिळाला. शेजारच्या पोरीनं त्याची बाहुली केली, छान झाली आहे.

अरे, बंदूकवाल्याच्या लेकीला ठसा घ्यायला शिकवतोस? आठ वर्षांची असल्यापासून मी बाबांच्या कारखान्यात गंधक ओतत आले. आकडा गंजानं खाल्लाय, मधमाश्यांच्या कृपेनं. म्हणून जॅमचं जुनं भांडं काढलं, गंधक वितळवलं, मधासारखं पातळ झालं की लगेच उतरवलं. जास्त तापवलं तर काळं होऊन चिकटतं, हे तुमच्या कॉलेजात सांगत नसतील. नळीत थोडं पुढे चिंधीचा बोळा, आत तेलाचा हात, आणि ओतलं. घरभर असा वास सुटला की पाद्रीबाबा रस्त्यावरून जाताना थांबले. मी खिडकीतून म्हटलं, "नरक नाही हो, स्वयंपाकघर आहे!" आणि काका हसले. झटक्यानंतर पहिल्यांदा हसले बेर्टल, अगदी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मीही हसले आणि मग फडताळाकडे तोंड करून जरा रडून घेतलं.

ठसा अख्खा निघाला आहे. कॉफीच्या डब्यात कापसात घालून पाठवते. आपटू नकोस, काचेसारखा फुटतो.

गंधकाच्या वासानं जुनं सगळं वर आलं. आम्हा दोघी बहिणींत मीच कारखान्यात लुडबुडायची, तुझी आई नाकाला रुमाल लावायची. माझ्या लग्नाच्या आधीच्या हिवाळ्यात बाबांना कसली लहर आली कोण जाणे, रोज संध्याकाळी हाक मारायचे, "बुर्गी, ये गं, जरा उभी राहा." हातात लाकडी दांडका द्यायचे, खांद्याला लाव म्हणायचे, आणि समोरून एक डोळा मिटून बघत बसायचे. मग थोडं तासायचे, पुन्हा हाक. मी कंटाळायची. म्हणायची, बाबा, सुतारकामाला बाहुली हवी असेल तर एक करून घ्या ना. ते म्हणायचे, "बाहुली श्वास घेत नाही." काय सुंदर दिवस होते ते.

खिळ्याचं वाचलं. खिळ्याला काही बोलत नाही. तुला सांगते: माणूस जिवंत असताना त्याच्या बंदुकीवर डोळा ठेवू नये.

बुर्गी मावशी


लिंझ, ३ जुलै १९८८

ती. मावशीस सा. न.

खिळ्याबद्दल माफ कर. जमवणाऱ्या माणसाच्या जिभेला हाड नसतं.

ठसा पाहून मी थक्क झालो. माझा मदतनीससुद्धा इतका स्वच्छ ठसा घेत नाही. मापं घेतली. मला भीती होती तेच निघालं, जुनी बारीक गोळी. कुणी दुकानातलं नवं काडतूस घातलं असतं तर काय झालं असतं, या विचारानं अजूनही घाम फुटतो.

मग शोध सुरू केला. साल्झबुर्गच्या मेळाव्यात जुनी काडतुसं होती, पण ती जमवणाऱ्यांची, काचेच्या पेटीत, दारू मेलेली. ग्राझमधल्या एका दुकानदारानं "आहेत आहेत" म्हणून जाड गोळीची दाखवली आणि वर मलाच शहाणपण शिकवलं. शेवटी कुणीतरी सांगितलं, श्टायरमार्कात एक निवृत्त वनरक्षक आहे, तो आपल्या जुन्या बंदुकीसाठी बारीक गोळीची काडतुसं स्वतः भरतो. गेलो. म्हातारा दारातच म्हणाला, "विकत नाही." मी पाहिलं तर त्याची कवळी इतकी सैल की बोलताना खाली येत होती आणि तो ती बोटानं वर सारत होता. मी म्हटलं, "आजोबा, तुम्ही काडतूस नीट बसवता, मी दात नीट बसवतो." त्याला नवी कवळी करून दिली. घालून त्यानं पहिलं काम केलं ते एक सफरचंद कडकडून खाल्लं, आणि आत जाऊन पेटी घेऊन आला. छऱ्यांची आखूडही दिली.

हे टपालानं पाठवता येत नाही, स्वतः घेऊन येतो. शिकारीला निघण्याआधी गावच्या नेमबाजीच्या मैदानावर तपासून घेऊ. काकांना सांग, बंदूक पुसून ठेवा.

तुझा,
बेर्टल


रोझेनताल, १७ जुलै १९८८

चि. बेर्टल,

ये. ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी मैदान मोकळं आहे. चीज भरलेले, पुदिना घातलेले कासनूडल करीन, राइंडलिंगचा गोड केकही. हिल्डेलाही आण, बारीक झाली असेल तुझ्या बंदुका पुसून पुसून.

काकांना काडतुसांचं सांगितलं. ते बराच वेळ छताकडे बघत राहिले आणि म्हणाले, "नको." मी विचारलं, काय नको? हरीण नको? मान आडवी हलवली. काडतुसं नकोत? पुन्हा मान हलवली. मग माझ्याकडे बोट केलं आणि रागानं खिडकीबाहेर बघत बसले. शब्द सापडत नाही म्हणून चिडतात बिचारे. मला वाटतं, त्यांना म्हणायचं असेल की एवढा त्रास घेऊ नकोस. पण मी आता मागे हटणार नाही.

बुर्गी मावशी


लिंझ, २३ ऑगस्ट १९८८

ती. मावशीस सा. न.

पोचल्यावर लगेच लिहायला हवं होतं. चार वेळा लिहिलं आणि फाडलं.

त्या रविवारी तू मैदानावरून तडक घरी निघून गेलीस. मला कळलं. काडतुसं खरी, नळी स्वच्छ, काकांनी खांबाला टेकून सावकाश बार काढले, आणि सगळी भोकं एकमेकांना चिकटून, पण डावीकडे. मंडळाचा अध्यक्ष म्हणाला, "चला, निदान प्रिमुस बदलला नाही." मला त्याचे दात पाडावेसे वाटले, फुकटात.

काका रक्ताळलेलं नाक पुसत बसले तेव्हा मी बंदूक हातात घेतली. पहिल्यांदाच. मावशी, इतकी वर्षं मी हिच्यासाठी झुरलो, पण दुरूनच. मी दस्त्याच्या, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या लाकडाच्या, मागून नळीकडे डोळा लावला. उजव्या खांद्यावर बंदूक लावणाऱ्यासाठी दस्ता किंचित बाहेर, उजवीकडे वाकवतात, म्हणजे डोळा बरोबर नळीच्या रेषेत येतो. हा डावीकडे वाकलाय. थोडासाच, मुद्दाम पाहिल्याशिवाय कळणार नाही. उजव्या खांद्यावर लावली की डोळा रेषेच्या डावीकडेच राहतो आणि गोळीही तिकडेच जाते. शिवाय दस्ता आखूड, काकांसारख्या उंच माणसाला दोन बोटं तरी कमी. म्हणून प्रत्येक धक्क्याला त्यांचाच अंगठा त्यांच्या नाकावर.

आणि आजोबांच्या फेरलाख गावात घडलेल्या प्रत्येक बंदुकीला गालाखाली उंचवटा कोरलेला असतो. माझ्या अकरांनाही आहे. हिला नाही.

आधी वाटलं, आजोबांची चूक. मला ते सहन होईना. ज्या माणसानं डोळ्यांनी केसभर फरक ओळखला, तो जावयाच्या लग्नाच्या बंदुकीत एवढी चूक करेल? मग तुझं मे महिन्यातलं पत्र पुन्हा काढलं. दांडका खांद्याला लावून उभी असलेली तू. आणि त्या दुपारी तू कासनूडल वाढत होतीस, तो डाव पाहिला होता मी. तुझ्या डाव्या हातात होता.

मावशी, तू त्या दांडक्याला कुठल्या खांद्यावर लावायचीस?

आजोबांनी उंचवटा उजव्या बाजूला कोरला असता तर अख्ख्या गावाला पहिल्या दिवशी कळलं असतं की ही डावखुऱ्याची बंदूक आहे. आणि डाव्या बाजूला खोटा कोरायला त्यांचा हात धजला नसेल. म्हणून कोरलाच नाही. ही तीननळी काकांची कधीच नव्हती. तिचं माप तुझं आहे.

खिळा मी उपटून टाकला. भिंतीत भोक पडलंय, ते तसंच राहू देणार आहे.

तुझा,
बेर्टल


रोझेनताल, ११ सप्टेंबर १९८८

चि. बेर्टल,

डाव्या. दुसरा खांदा कुठून आणू? शाळेत मास्तरणीनं डावा हात दोरीनं बाकाला बांधला म्हणून लिहिते तेवढं उजव्यानं, आणि ते कसं लिहिते हे तुझ्यासमोर आहे. बाकी सगळं डाव्यानंच.

तुझं पत्र मी गोठ्यात बसून वाचलं. मग स्वयंपाकघरात आले. काका खुर्चीत होते. मी बंदूक भिंतीवरून काढली, त्यांच्या मांडीवर ठेवली आणि विचारलं, "प्रिमुस, ही कुणाची?"

भिंतीकडे बघितलं नाही. छताकडे बघितलं नाही. लगेच म्हणाले, "तुझी."

मग बाकीचं काढून घ्यायला मला दोन दिवस लागले. एकेक शब्द, जशी विहिरीतून बादली. बाबांनी लग्नाच्या सकाळी त्यांना कारखान्यात बोलावलं होतं. म्हणाले, माप पोरीचं आहे, पण इथे बाईनं बंदूक धरली तर गाव हसेल आणि तुला आधी हसेल. म्हणून तुझ्या हातात देतोय. ती मागेल त्या दिवशी तिला दे. आणि तोवर लाकडाला रंधा लावू नकोस.

बेर्टल, या माणसानं रंधा लावला नाही! फेरलाखच्या प्रत्येक कारागिरानं सांगितलं, प्रिमुस, मागे लाकडाचा तुकडा जोडून देतो, तासभराचं काम. "नको." मला वाटायचं चिक्कू आहे. गाव म्हणायचं अडाणी आहे. आणि हा उंचापुरा माणूस बावन्न वर्षं नाक फोडून घेत राहिला, खानावळीत हसं करून घेत राहिला, माझं माप बिघडू नये म्हणून.

मी किती ओरडले म्हणून सांगू! म्हटलं, अरे मेल्या, सांगायला काय झालं होतं? तोंड तर तेव्हा होतं ना? ते म्हणाले, "मागेल... तेव्हा." बाबा म्हणाले होते मागेल तेव्हा, म्हणून हे थांबले मी मागायची वाट बघत. आणि मी, दर शरद ऋतूत त्यांना बंदूक पुसून हातात देताना मनात म्हणायची, एकदा विचार ना रे, "बुर्गी, तू मारून बघतेस का?" एकदा तरी. तुला आज पहिल्यांदा सांगते, कुणालाच सांगितलं नव्हतं. मला फार हवी होती ती. मी तिचा हेवा करायची, बाईनं सवतीचा करावा तसा.

असे आम्ही दोघं शहाणे. एक दिवस मी त्यांना नुसतं सूप दिलं, वर काही नाही. दुसऱ्या दिवशी समोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "प्रिमुस ओलिप, दे माझी बंदूक." त्यांनी दोन्ही हातांनी उचलून दिली. आम्ही दोघंही रडलो, म्हातारपणी हे असलं सोंग.

मी खांद्याला लावली. डोळा उघडला आणि समोर नळीच्या टोकावरची नेमाची माशी सरळ रेषेत उभी. मला काहीच करावं लागलं नाही.

त्या दिवशी "नको" म्हणून माझ्याकडे बोट केलं होतं, ते आता कळलं: मी नको, तू. मी किती हुशार!

हरणाचं मंडळाला कळवलंय, या वर्षी राहू द्या. अध्यक्ष कुरकुरला. मी म्हटलं, म्हातारा नर आहे, म्हातारी माणसं वर्षभर थांबू शकतात, आम्हाला सराव आहे.

बुर्गी मावशी


लिंझ, १९ सप्टेंबर १९८८

ती. मावशीस सा. न.

पत्र हिल्डेला वाचून दाखवलं. ती रडली आणि मग मला म्हणाली, "आणि तुझं मला काय विचारायचं राहिलंय?" दोन दिवस तेच शोधतोय.

उरलेली काडतुसं जपून ठेव. वनरक्षक आजोबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, बाईंना लागतील तेवढी भरून देतो, फक्त खालची कवळीही करून द्या.

तुझा,
बेर्टल


रोझेनताल, १४ जून १९८९

चि. बेर्टल,

परीक्षा पास झाले. शिकारीच्या परवान्याची. वर्गात सगळी मिसरूड फुटलेली पोरं आणि मधे मी त्र्याहत्तर वर्षांची. मला "आजी, औषधं घेतलीत का" म्हणायची. तोंडी परीक्षेत साहेबांनी विचारलं, जुन्या बंदुकीत कुठलं काडतूस चालतं हे कसं ओळखाल? मी विचारलं, गंधक आहे का इथे? साहेबांनी चष्मा काढला. पुढचा प्रश्न विचारलाच नाही.

आणि काल गेलो. काका आणि मी, वरच्या कुरणातल्या बुटक्या मचाणावर, त्याच्या तीनच पायऱ्या आहेत. वर चढताना त्यांनी मला ढकललं आणि मी त्यांना ओढलं. पहाटे तो म्हातारा नर कुरणात आला. मला वाटलं होतं, मला दया येईल नाहीतर हात कापेल. दोन्ही झालं नाही. काकांनी बोटानं माझ्या बंदुकीवरची कळ दाखवली, छऱ्यांवरून गोळीवर न्यायची ती. घाईत लोक तीच विसरतात. मी आधीच सरकवली होती. त्यांना डोळ्यांनी दटावलं.

एक बार. तो जागच्या जागी बसला, वाटलं गवतात विसावलाय.

रीतीप्रमाणे काकांनी देवदाराच्या दोन डहाळ्या तोडल्या, एक हरणाच्या तोंडात दिली, शेवटचा घास, आणि एक माझ्यासाठी. डहाळी उजव्या हातानं द्यायची असते. त्यांचा उजवा धड नाही, म्हणून डाव्यानं दिली. मी डाव्यानंच घेतली. बघायला कुणी नव्हतं.

संध्याकाळी खानावळीत गेलो. मी टोपी काढली नाही, डहाळी खोचलेलीच होती. अध्यक्षानं बघितलं, काकांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. कुणी काही बोललं नाही. काकांनी सगळ्यांसाठी बिअर मागवली, आणि बेर्टल, शब्द बरोबर सापडला.

पण तुला हे सांगायला लिहीत नाहीये. बार काढल्यावर, मचाणावरच, हरणाकडे बघायच्या आधी, काका माझ्याकडे वळले. थरथरत्या बोटानं माझं नाक चाचपलं, इकडून, तिकडून, रक्त आलंय का बघितलं. मग इतके हसले, इतके हसले की मचाण हलायला लागलं.

"लागलं नाही," म्हणाले.

बुर्गी मावशी